अपत्यांचा रकाना

"चार नाहीत बाईसाहेब, तीन."

टेबलामागे बसलेल्या रकान्यांनी अर्ज उलटा करून समोरच्या बाईंपुढे सरकवला आणि पेन्सिलीचं टोक अपत्यांच्या रकान्यावर टेकवलं.

"मी चारच लिहिलेत," बाई म्हणाल्या.

"लिहिलेत खरे. पण ही दोन नंबरची मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. वर्ष पुरं न केलेलं मूल आपण धरत नाही."

"आपण म्हणजे कोण?"

हे रकान्यांना तोवर कुणी विचारलं नव्हतं. ते अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि या टेबलावर बसायला लागून त्यांना पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. "आपण म्हणजे कचेरी," ते म्हणाले. "ग्रंथाचा नियमच आहे तसा."

टेकडीवरच्या घराण्यातून एरवी कारभारी यायचा, अर्ज टाकायचा आणि निघून जायचा. या खेपेला बाई स्वतः आल्या होत्या. पस्तिशीच्या असतील. छत्री मांडीवर आडवी धरून त्या ताठ बसल्या होत्या. त्यांनी अर्जाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आमच्या घराण्याचा मूळ पुरुष तुमच्या ग्रंथात आहे," त्या म्हणाल्या. "भर पुरात नदी पोहून गेला म्हणे. त्याला पाहिलंय कुणी?"

रकान्यांनी पेन्सिल उचलून बाजूला ठेवली.

"हिला मी पाहिलंय. नऊ दिवस पाहिलंय."

"तुमचं दुःख मला समजतं," रकाने म्हणाले. हे वाक्य कचेरीत नेहमी वापरलं जाई. "पण रकाना अपत्यांचा आहे, बाईसाहेब. बाळंतपणांचा नाही."

बाईंनी छत्री हातात घेतली. मग उठल्या. "अर्ज मी बदलणार नाही. खोडायचं तर तुमच्या हातानं खोडा."

त्या गेल्यावर रकान्यांनी पट्टी लावली आणि त्या नावावरून एक सरळ, बारीक रेघ ओढली. त्यांची रेघ कधी वाकडी जात नसे.

रकाने हे त्यांचं आडनाव नव्हे. अर्ज तपासताना "रकाना बघा, रकाना बघा" असा त्यांचा सारखा घोषा चालायचा, म्हणून कुणीतरी ते चिकटवलं आणि ते चिकटलं. नव्यानं लागलेल्यांना तर वर्ष-वर्षभर ते खरं आडनावच वाटे.

त्यांचं काम ग्रंथाचं. देशातल्या झाडून सगळ्या उमराव घराण्यांच्या वंशावळी त्यात असत. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाच्या घरात दिली, मोठी शाखा कुणाकडे, धाकटी कुठे गेली. दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती निघायची. थोरल्या मालकांनी, म्हणजे मालकांच्या आजोबांनी, पुस्तकांचं दुकान चालवता चालवता हा उद्योग आरंभला होता. स्वतः गावोगाव फिरून त्यांनी थडग्यांवरची अक्षरं उतरवून घेतली, जुन्या दस्तांच्या नकला केल्या, म्हाताऱ्यांना बोलतं केलं. पहिली आवृत्ती निघाली तेव्हा निम्मी घराणी रागावली, कारण त्यांचे पूर्वज फार अलीकडे सुरू होत होते. थोरले मालक धोरणी होते. दुसऱ्या आवृत्तीला त्यांनी बऱ्याच जणांना एकेक दोन-दोन पिढ्या वाढवून दिल्या. टेकडीवरच्यांचा तो नदी पोहून गेलेला वीर त्यांनी एका रविवारी दुपारी जेवणानंतर रचला होता. कचेरीत सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यावरून थट्टाही चालायची.

अपत्यांचा नियम त्याच दुसऱ्या आवृत्तीतला. एका घराण्यानं सात मेलेली बाळं लिहून पाठवली, दुसऱ्यानं पाच. पानं फुगायला लागली. थोरले मालक म्हणाले, "हा ग्रंथ आहे, दफनभूमी नव्हे," आणि त्यांनी वर्षाची अट घातली. घराण्यांच्या प्रमुखांना ती पटली. बायकांना विचारायचा प्रश्नच नव्हता.

टेकडीवरच्या बाई येऊन गेल्यावर तीन वर्षांनी रकान्यांच्या बायकोला दिवस गेले. पहिलीच खेप. सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आणि मुलगी झाली. सुईणीनं तिला दोन्ही तळव्यांत उचलून दाखवलं. "राईएवढी आहे हो पोर, पण चिवट आहे."

बायकोनं तेच नाव धरलं. राई. अजून दुसरं नाव ठेवायची कुणाला घाई नव्हती. मुलगी दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होती, आणि रकाने रोज संध्याकाळी कचेरी सुटली की तिथे जाऊन उभे राहत. एकदाच तिला त्यांच्या हातात दिलं गेलं. वजन जाणवेना, म्हणून त्यांनी हात जरा वर-खाली केले, तर नर्स म्हणाली, "अहो, पेरू आहे का तो?" बायको पलंगावर पडल्या पडल्या हसली. तिला टाके दुखेपर्यंत हसू आलं.

मुलगी अकरा दिवस होती.

एक दिवस रजा घेऊन रकाने तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाले. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा. शिशाच्या खिळ्यांनी त्याची बोटं कायमची काळी झालेली असत. तो टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"घरी जा," तो म्हणाला.

"घरी जाऊन काय करू?"

"काही करू नका. बसा तिच्यापाशी."

रकान्यांनी पुढचा अर्ज उघडला. नव्या आवृत्तीचे अर्ज येत होतेच. त्याच आठवड्यात टेकडीवरचा आला. अपत्यं चार, तीच काळी शाई. दोन नंबरला तेच नाव. रकान्यांनी पट्टी हातात घेतली, परत ठेवली आणि तो अर्ज ढिगाच्या तळाशी घातला. दुसऱ्या दिवशी वर काढला. हिची धरली तर मग आपलीही धरावी लागेल, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असेल, पण त्यांनी ते पुरतं येऊ दिलं नाही. नियम तो नियम. त्यांनी रेघ ओढली.

चार वर्षांनी मुलगा झाला. नऊ महिने पुरे भरलेला, रडून दवाखाना डोक्यावर घेणारा. घर भरलं. तो तीन वर्षांचा असताना खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको राहायला आली. ओळख करून घ्यायला म्हणून एका संध्याकाळी ती दोघं वर आली. चहा झाला, पाण्याच्या नळाच्या तक्रारी झाल्या. मास्तरांच्या बायकोनं सहज विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"एक," रकाने म्हणाले.

"दोन," बायको म्हणाली.

दोन्ही उत्तरं एकदम आली. मास्तर हसले. "घरात एकमत नाही वाटतं." मग कुणीच हसत नाही असं पाहून त्यांनी नळाचा विषय पुन्हा काढला.

पाहुणे गेल्यावर रकाने म्हणाले, "लोकांसमोर हे कशाला?"

"विचारलं, म्हणून सांगितलं."

"त्यांना काय कळणार आहे? उगाच कोड्यात पडतात माणसं."

"पोटात मी धरली होती," बायको कप गोळा करत म्हणाली. "मोजायची की नाही ते मी बघीन."

"अगं, सात वर्षं झाली. सात. किती दिवस राईचा पर्वत करणार आहेस?"

शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांच्या कानांना ऐकू आला. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. नेहमीच्या बोलण्यातली म्हण होती ती, कचेरीत दिवसातून दोनदा वापरायची. बायकोच्या हातात तीन कप एकात एक घातलेले होते. तिनं ते हळूच टेबलावर ठेवले, आवाज होणार नाही इतके हळू.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

त्यानंतर कुणी विचारलं की ती "एक" म्हणायची. डॉक्टरांनी विचारलं तरी, शाळेत विचारलं तरी, आगगाडीत शेजारच्या बाईनं विचारलं तरी. म्हणताना रकान्यांकडे बघायचीसुद्धा नाही. ते नाव त्या घरातून गेलं. एक-दोनदा रकान्यांनी विषय काढायचं ठरवलं होतं. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. पण ती भाजी निवडत असायची, नाहीतर मुलाचा अभ्यास घेत असायची, चांगली हसतबोलत असायची. भरत आलेली जखम कशाला उकरायची, असं म्हणून ते गप्प राहिले. गप्प राहायची सवय लागली की तीच सोयीची वाटू लागते.

बाकी संसार नीट चालला. ती त्यांच्या शर्टांच्या बाह्यांवरचे शाईचे डाग लिंबानं काढायची आणि म्हणायची, "एवढ्या मोठ्या लोकांची धुणी आमच्याच घरी." ते दोघे रविवारी पत्ते खेळत. ती उघड उघड खोटं खेळायची, आणि पकडलं की "नियम दाखवा, कुठे लिहिलाय" म्हणायची.

कचेरीची कळा मात्र उतरत चालली होती. उमरावांचे किताब गेले, जमिनी गेल्या. वाडे होते तिथे शाळा झाल्या, हॉटेलं झाली. एके काळी मुलगी द्यायची तर आधी ग्रंथ उघडला जाई. आता तो मोठी ग्रंथालयं घेत आणि भाऊबंदकीचे खटले लढवणारे वकील घेत. निम्मे अर्ज "पत्त्यावर कोणी राहत नाही" असा शिक्का घेऊन परत येत. बाकीचे छापखाने केव्हाच संगणकावर गेले, पण ग्रंथाची पानं अजून शिशातच उभी होती. प्रत्येक पान दोऱ्यानं बांधून फळीवर ठेवलेलं असे. दर तीन वर्षांनी जुळारी ते सोडायचा, मेलेल्यांपुढे खूण घालायचा, जन्मलेल्यांच्या ओळी बसवायचा आणि परत बांधून ठेवायचा. टेकडीवरचा अर्ज न चुकता येई. अपत्यं चार. रकाने पट्टी लावत.

मालकांनी ही आवृत्ती शेवटची म्हणून जाहीर केली, त्याच हिवाळ्यात बायकोचं पोट दुखू लागलं. आधी तिनं अंगावर काढलं. मग दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा डॉक्टर रकान्यांना बाहेर घेऊन बोलले. मुलगा नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात होता, तो रात्रीच्या गाडीनं निघतो म्हणाला.

भरती करून घेताना नर्स अर्ज घेऊन पलंगाशी आली. बायको डोळे मिटून पडली होती. ग्लानीत आहे की नुसती पडलीय, कळत नव्हतं.

"वय?"

"त्रेपन्न."

"आधीचं काही ऑपरेशन?"

"नाही."

"बाळंतपणं किती?"

रकाने थांबले. नर्सनं मान वर केली.

"दोन," ते म्हणाले.

"दोन्ही हयात?"

"एक. मुलगा. आधीची मुलगी होती." त्यांनी बायकोच्या अंगावरची चादर सारखी केली. "अकरा दिवसांची होऊन गेली."

नर्सनं तसं लिहून घेतलं. तिच्या अर्जात त्यासाठी जागा होती. मग तिनं रक्तदाबाचं विचारलं.

बायकोची बोटं चादरीवर जराशी हलली. तिनं ऐकलं, असं रकान्यांना वाटलं. पण हाताला सुई लावलेली होती, सुईमुळेही बोटं हलली असतील. "ऐकलंस का?" असं विचारायला ते खाली वाकले, तेवढ्यात दुसरी नर्स सलाइन बदलायला आली. नंतर मुलगा आला, मग डॉक्टर आले, मग तिला दुसऱ्या खोलीत हलवलं. ती पुन्हा नीट शुद्धीवर आली नाही. पाचव्या दिवशी सकाळी गेली.

रकाने आठ दिवसांनी कामावर आले. जुळाऱ्यानं या वेळी घरी जा म्हटलं नाही. टेबलावर अर्ज साचले होते. तिसरा टेकडीवरचा.

शाई निळी होती आणि अक्षर वेगळं. सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती. मातोश्री वर्षापूर्वी निवर्तल्या, माहिती अद्ययावत करून पाठवत आहे. खाली थोरल्या मुलाची सही. अपत्यांच्या रकान्यात नावं होती तीन.

खोडण्यासारखं काही नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदा टेकडीवरचा अर्ज नियमाप्रमाणे आला होता. रकान्यांनी तो दोन वेळा वाचला. मग उठून भिंतीतलं कपाट उघडलं आणि त्या घराण्याचा जुना गठ्ठा काढला. दहा अर्ज. दहाही काळ्या शाईचे. पहिल्यातलं अक्षर झोकदार, शेवटच्यातलं थरथरणारं. प्रत्येकात दोन नंबरला तेच नाव, आणि प्रत्येक नावावरून त्यांची स्वतःची सरळ, बारीक रेघ. ते उभ्याउभ्याच दहाही अर्ज चाळत राहिले. चष्मा पुसायला त्यांनी रुमाल काढला आणि तो डोळ्यांना लावून तसेच थांबले. शेजारच्या टेबलावरचा कारकून उठून पाणी प्यायला निघून गेला.

मग ते पहिला अर्ज घेऊन छापखान्यात गेले. जुळाऱ्यासमोर टेकडीवरच्यांचं पान सोडलेलं होतं.

"दोन नंबरला ही घाला," रकाने म्हणाले.

जुळाऱ्यानं अर्ज डोळ्यांजवळ नेऊन वाचला. "नऊ दिवस? आणि नियम?"

"घाला."

"घराण्याची सही आहे का चारांवर?"

"आईची आहे."

"मालकांना विचारलंत?"

"नाही."

जुळाऱ्यानं पानावरच्या ओळी मोजल्या. "एक ओळ वाढली की पुढची चार पानं सरकतात, ठाऊक आहे ना? माझी नजर आता पहिल्यासारखी नाही."

"मग एक काढा."

"कुठली काढू? सगळी मेलेली तरी खरी माणसं आहेत."

रकान्यांनी पानाच्या माथ्याशी बोट ठेवलं. शिशातली अक्षरं उलटी होती, पण त्यांना ती वाचायची गरज नव्हती. भर पुरात नदी पोहून गेलेला मूळ पुरुष.

जुळाऱ्याला हसू आलं. "थोरल्या मालकांचा लाडका गडी हा." त्यानं चिमट्यानं ओळ उचलली आणि खिळे एकेक करून खणांत टाकले. "बुडाला शेवटी." मग तो जुळणीला लागला. मुलीचं नाव बसवलं. "तारखा घालू?"

"दोन्ही घाला. जन्माची आणि मृत्यूची."

ओळ बसवून झाल्यावर जुळाऱ्यानं पान ठोकून सारखं केलं आणि दोरा गुंडाळता गुंडाळता, वर न बघता विचारलं, "तुमचीही एक होती ना?"

"आमचं घराणं ग्रंथात नाही," रकाने म्हणाले.

"ते मला माहीत आहे. नुसतं विचारलं."

"होती," रकाने म्हणाले.

ग्रंथ छापून झाला, बांधून झाला, पाठवून झाला. तक्रार येईल म्हणून रकान्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं. जबाबदारी आपली, नोकरी तशीही संपतेच आहे. महिना गेला, दोन गेले. टेकडीवरून पत्र आलं नाही. पूर्वज गेला आणि बहीण आली, हे तिथे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आपण वाट बघत होतो ती तक्रारीची की आणखी कशाची, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

कचेरीला कुलूप लागल्यावर मुलगा चार दिवस रजा काढून आला. आईचं कपाट आवरायचं होतं. ते एकट्या बाबांच्यानं होणार नाही, हे कुणाला त्याला सांगावं लागलं नाही.

दुपारी दोघं खोलीत बसले होते. देऊन टाकायचे कपडे एकीकडे, ठेवायचे दुसरीकडे. ठेवायचा ढीग वाढत चालला होता. मुलानं मध्येच खुर्चीवर पडलेला ग्रंथ उचलून चाळला. "एवढी माणसं," तो म्हणाला. "आणि आपण कुठेच नाही."

"आपण कसे असू?"

"नाही, गंमत केली."

रकान्यांनी हातातला स्वेटर मांडीवर ठेवला. "तुला एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "आधीच सांगायला हवं होतं. तुझ्या आधी आम्हाला एक..." त्यांनी वाक्य बदललं. "तुला एक बहीण होती. फार दिवस नाही. अकरा दिवस."

मुलानं ग्रंथ मिटला.

"माहितीये मला, बाबा."

"कसं काय?"

"आईनं सांगितलं. सहावीत होतो मी."

रकान्यांनी मांडीवरचा स्वेटर पुन्हा हातात घेतला.

"वर्षातनं एकदा ती मला शाळेतून लवकर न्यायला यायची," मुलगा म्हणाला. "दवाखान्यासमोर एक बाग होती, आता तिथे गाड्या लावतात. तिथे बसायचो आम्ही बाकावर. मला शेंगदाणे घेऊन द्यायची. स्वतः काही बोलायची नाही, नुसती बसायची. एकदा मी विचारलं, मग सांगितलं तिनं. मी मोठा झालो, इथून गेलो, तरी त्या दिवशी तिचा फोन यायचा. नुसता, जेवलास का म्हणून."

"मला कधी बोलली नाही."

"मला पण बोलू दिलं नाही तुमच्यासमोर." मुलानं ग्रंथ खुर्चीवर परत ठेवला. "म्हणाली, बाबांपुढे तिचं नाव काढू नकोस. त्यांना सोसत नाही."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती तीनदा गुरगुरली आणि बंद पडली. रकान्यांनी स्वेटरची एक बाही सरळ केली, मग दुसरी केली. वीस वर्षं त्यांना वाटत आलं होतं की आपण तिला गप्प केलं, आणि ती आपल्यावर रुसून गप्प राहिली.

"काय म्हणायची ती?" त्यांनी विचारलं. "तिला, म्हणजे नाव काय घ्यायची?"

मुलाला आधी कळलं नाही. बाबांना नाव माहीत नसेल, असं कसं होईल? मग त्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"राई," तो म्हणाला.

रकान्यांनी मान हलवली.  मुलानं कपाटाच्या खालच्या खणातून एक मोठी चादर ओढून काढली. ती नुसती कोंबून ठेवलेली होती, आजारपणाच्या घाईत कुणीतरी. त्यानं ती उलगडून झटकली आणि दोन टोकं वडिलांपुढे धरली. रकाने उठले. दोघं खोलीच्या दोन भिंतींपर्यंत मागे सरकले, चादर ताणली, मधोमध दुमडली. मग टोकं जुळवायला एकमेकांकडे चालत आले. रकान्यांनी आपल्या हातातली टोकं मुलाच्या हातात दिली आणि खाली लोंबणारी घडी उचलायला ते सावकाश वाकले.